आयोवाचे शेतकरी व त्यांचे कृषिगुरु

महाराष्ट्रांत राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशा चार ठिकाणीं कृषि विद्यापीठें आहेत. राहुरीचें १९६८ सालीं, अकोल्याचें १९६९ सालीं, व परभणी आणि दापोली येथील दोन्ही १९७२ सालीं स्थापन झालीं. शिकविणें, शोध लावणें, व लागलेला शोध शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोंचविणें, अशीं तीन कर्तव्यें त्यांच्या माथीं आहेत. भारतांत असें पहिलें विद्यापीठ १९६० सालीं पंतनगर येथें निघालें, तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृषि महाविद्यालयांचा नमुना डोळ्यांपुढें ठेवून. आपल्याकडे ही तिहेरी व्यवस्था तयार घडविलेली आली; तिच्या जन्मभूमींत मात्र ती घडण्यास अर्धशतक लागलें, व त्यांतलें तिसरें कर्तव्य सर्वांत शेवटीं पदरीं पडलें. ज्याला प्रोफेसर म्हणून खुर्ची मिळाली आहे त्यानें चिखल तुडवीत शेतकऱ्याच्या दारीं जावें, ही गोष्ट तेथेंही एके काळीं फारशी कोणास सुचत नव्हती. ती सुचली कशी, व सुचल्यावर अशा माणसांचा मान कोणी आणि कोणत्या मापानें मोजला, हें पाहावयाचें तर आयोवा संस्थानांतील एम्स या गांवच्या एकाच महाविद्यालयाची हकीकत पुरेशी आहे.

या हकीकतीचा प्रारंभ ज्या कायद्यापासून होतो त्यावर अब्राहाम लिंकन यांनीं २ जुलै १८६२ रोजीं सही केली. देशांत यादवी युद्ध पेटलेलें होतें. जस्टिन मॉरिल या लोहाराच्या मुलानें काँग्रेसमध्यें मांडलेला हा कायदा असा होता, कीं प्रत्येक संस्थानास त्याच्या काँग्रेसमधील प्रत्येक सभासदामागें ३०,००० एकर सरकारी जमीन द्यावी, व ती विकून जो निधि उभा राहील त्याच्या व्याजावर शेतकी आणि यंत्रविद्या शिकविणारें महाविद्यालय चालवावें. (ही जमीन मुळांत तेथील आदिवासी लोकांची होती, ही गोष्ट त्या कायद्यांत कोठेंच लिहिलेली नाहीं.) हा कायदा प्रथम स्वीकारण्याचा मान आयोवानें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मिळविला. एम्स येथील संस्था कागदावर १८५८ पासून होती. शिकवणी प्रत्यक्ष सुरू झाली १८६९ सालीं.

इमारत उभी राहिली, विद्यार्थी आले, पण शेतकरी फिरकला नाहीं. ‘पोथींतली शेती’ असें तो या विद्येस हिणवून म्हणे, आणि त्यांत सर्वस्वी त्याचा दोष होता असें म्हणवत नाहीं. त्या काळच्या प्रोफेसरांना रसायन ठाऊक होतें, वनस्पतींचीं लॅटिन नांवें ठाऊक होतीं. परंतु आयोवाच्या काळ्याभोर मातींत मक्याचें कोणतें बीं टाकावें याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. हें उत्तर शोधावयास प्रयोगशेतें पाहिजेत, म्हणून १८८७ सालीं हॅच यांच्या नांवाचा कायदा होऊन प्रत्येक संस्थानास प्रयोगकेंद्रासाठीं वर्षास १५,००० डॉलर मिळूं लागले. प्रयोग झाले, त्यांच्या पत्रिका छापून निघाल्या, व त्यांतील पुष्कळशा कपाटांत जाऊन बसल्या. विद्या तयार झाली तरी ती आपल्या पायांनीं चालत जात नाहीं, हें येथें प्रथम दिसून आलें.

प्रयोगकेंद्रांच्या कायद्याचा पहिला मसुदा ज्यांनीं खपून तयार केला, ते सीमन नॅप हे याच महाविद्यालयांत शेतकीचे प्रोफेसर होते, व पुढें अल्पकाळ त्याचे अध्यक्षही झाले. मूळचे ते शाळामास्तर. पायास इजा होऊन अधू झालेले हे गृहस्थ प्रकृतीसाठीं आयोवांत आले, अंधांच्या शाळेचे प्रमुख झाले, शेतकीचें पत्र चालविलें, व मग एम्सला आले. १८८५ च्या सुमारास ते तेथून निघून दक्षिणेस लुइझियानांत गेले. त्यांचें खरें नांव झालें तें मात्र सत्तरीस टेकल्यावर. मेक्सिकोंतून टेक्सस संस्थानांत शिरलेला एक सोंडकिडा कापसाचीं बोंडें पोखरून गांवेंच्या गांवें उध्वस्त करीत होता. सरकारी शेतावर उपाय दाखविला तर शेतकरी म्हणे, ‘सरकारच्या पैशानें कोणीही पिकवील.’ तेव्हां १९०३ सालीं टेरेल या गांवीं नॅप यांनीं निराळी युक्ति काढली. शेत वॉल्टर पोर्टर नांवाच्या शेतकऱ्याचें, मेहनत त्याची, खर्च त्याचा. नॅप यांनीं फक्त पद्धति सांगावयाची, आणि नुकसान झालेंच तर गांवच्या लोकांनीं वर्गणी करून तें भरून द्यावयाचें. सत्तर एकरांवर हा प्रयोग झाला. वर्गणीस हात लावावा लागला नाहीं. पोर्टर यास नेहमींपेक्षां सुमारें ७०० डॉलर अधिक मिळाले. ऐकलेल्याविषयीं माणूस शंका घेतो, पाहिलेल्याविषयींही घेतो, पण स्वतःच्या हातानें केलेल्याविषयीं घेत नाहीं, या विचारावर नॅप यांनीं पुढें संबंध दक्षिणेंत प्रात्यक्षिकांचें जाळें विणलें.

नॅप एम्स सोडून गेल्यानंतर कांहीं वर्षांनीं, १८९१ सालीं, तेथें एक निग्रो विद्यार्थी दाखल झाला. मराठी वाचकांस या विद्यार्थ्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. वीणा गवाणकर यांच्या १९८१ सालच्या पुस्तकानें जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोंचविलेलें आहे. गुलामगिरींत जन्मलेला हा मनुष्य एम्स येथील पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि पुढें तेथील पहिला कृष्णवर्णीय शिक्षक. आरंभीं त्याला इतर विद्यार्थ्यांच्या पंगतीस बसूं दिलें नाहीं. तळघरांत शेतमजुरांबरोबर त्याचें पान मांडलें जाई. त्याच महाविद्यालयानें १८९४ सालीं त्याला पदवी दिली, वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर लुइ पॅमेल यांनीं त्याला आपला साहाय्यक नेमलें, आणि १८९६ सालीं त्यानें उच्च पदवी घेतली. अपमान आणि मान एकाच छपराखालीं मिळाल्याचें हें उदाहरण आहे.

तेथील जागा सुखाची होती. ती सोडून कार्व्हर त्याच वर्षीं बुकर वॉशिंग्टन यांच्या हांकेसरशीं अलाबामांतील टस्कीगी येथें गेले. टस्कीगीची संस्था सरकारी नव्हे, खाजगी. परंतु एम्सची शिकवण त्यांनीं तेथें जितकी खालपर्यंत नेली तितकी खुद्द एम्सनें त्या काळीं नेलेली नव्हती. जमिनींत कापसामागून कापूस घेऊन ती निःसत्त्व झालेली, शेतकरी खंडकरी व कर्जबाजारी, बहुतेकांस अक्षरओळख नाहीं. अशांना छापील पत्रिका काय कामाची? म्हणून १९०६ सालीं मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या धनिकानें दिलेल्या पैशांतून एक घोड्यांची गाडी बांधण्यांत आली. तींत नांगर, लोणी काढण्याचें यंत्र, दूध तपासण्याचीं साधनें असें सामान भरून ती खेडोपाडीं फिरूं लागली. गाडीची आंखणी कार्व्हर यांची. तिच्यावरचा फिरता शिक्षक टॉमस कॅम्बेल हा टस्कीगींतच शिकलेला. त्याची नेमणूक त्याच वर्षीं ज्यांच्या खात्यांतून झाली, ते वॉशिंग्टनचे अधिकारी म्हणजे आपले सीमन नॅप. एम्समध्यें एकमेकांस न भेटलेले दोन गुरु अलाबामाच्या एका गाडीपाशीं असे एकत्र आले.

इकडे एम्सला १९०२ सालीं पेरी होल्डन आले. त्यांच्यासंबंधीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण कृषि महाविद्यालयाच्या अध्यापकास लोकांचा मान मिळणें म्हणजे काय, आणि त्या मानांत धोका कोणता, हीं दोन्ही त्यांच्या चरित्रांत दिसतात. १९०३ सालीं, म्हणजे टेक्ससमध्यें नॅप यांचा प्रयोग चालू होता त्याच वर्षीं, आयोवाच्या वायव्य कोपऱ्यांतील सू काउंटीमधील शेतकऱ्यांनीं त्यांस बोलावून नेलें. तेथील गरिबांच्या पोषणासाठीं काउंटीनें राखलेल्या शेतावर होल्डन यांनीं प्रयोग मांडला. बीं कोठलें? तर भोंवतालच्या शेतकऱ्यांच्या स्वतःच्या पेरणी-यंत्रांतून मूठमूठ घेतलेलें. प्रत्येकाच्या बियाण्याची वेगळी ओळ. मका तयार झाल्यावर ज्यानें त्यानें येऊन आपली ओळ व शेजाऱ्याची ओळ पाहावी. एकाच मातींत, एकाच पावसांत, एकाच मशागतीनें कोणाची ओळ दाट तर कोणाची दांत पडल्यासारखी. येथें प्रोफेसरांना बोलण्याचें कारणच उरलें नाहीं.

या दांत पडलेल्या ओळींचें कारण होल्डन यांनीं अचूक हेरलें होतें. शेतकरी कणसें खळ्यांतून उचलून ठेवी. थंडींत त्यांतील जीव कोणत्या कणसांत राहिला व कोणत्यांत गोठून गेला हें वरून दिसत नसे. एका एकराला डझन-दीड डझन कणसांचें बीं पुरतें. तेव्हां एक मेलेलें कणीस पेरणें म्हणजे एकराचा तेवढा तुकडा पडीक टाकणें होय. उपाय घरच्या घरीं होण्यासारखा होता. एका पेटींत ओला लाकडाचा भुसा भरावा, वर चौकटी आंखलेलें कापड पसरावें, दर कणसाचे निरनिराळ्या जागचे सहा दाणे काढून एकेका चौकटींत ठेवावे, आणि थोड्या दिवसांनीं पाहावें. सहाही दाणे जोमानें उगवले तर तें कणीस बियाण्यास ठेवावें. नाहीं तर डुकरांपुढें टाकावें. थंडींत रिकाम्या बसलेल्या घरांतल्या मुलाबाळांनींसुद्धां हें काम करावें.

हा निरोप सबंध संस्थानांत पेरणीपूर्वीं कसा पोंचवावा? एप्रिल १९०४ मध्यें रॉक आयलंड रेल्वेनें होल्डन यांस गाडी दिली. रेल्वेचा यांत स्वार्थ होताच. मका वाढला तर वाहतूक वाढणार. ‘बियाण्याच्या सुवार्तेची गाडी’ असें तिचें नांव पडलें. ती लहान लहान स्टेशनांवर थांबे. आधीं कळविलेल्या वेळेस आसपासचे शेतकरी जमलेले असत. ते डब्यांत शिरत, होल्डन किंवा त्यांचे सहकारी हातांत कणीस घेऊन बोलत, आणि गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघे. १९०६ पर्यंत अशा गाड्या आयोवाभर फिरल्या. जो शेतकरी महाविद्यालयाचें नांव थट्टेनें घेई तोच तेथील प्रोफेसराची वाट पाहत फलाटावर उभा राहूं लागला. परिणाम असा झाला, कीं १९०६ सालीं आयोवाच्या विधिमंडळानें या कामासाठीं स्वतंत्र कायदा करून १५,००० डॉलर मंजूर केले, व एम्सला विस्ताराचें वेगळें खातें निघून होल्डन त्याचे प्रमुख झाले. अध्यापकाच्या कामगिरीस मान्यता प्रथम फलाटावर मिळाली, व मग विधिमंडळांत.

परंतु होल्डन यांची शिकवण दुहेरी होती. उगवण पाहण्याचा धडा सोन्यासारखा खरा होता. दुसरा धडा कणसाच्या रूपाचा होता. त्या काळीं मक्याच्या कणसांचीं प्रदर्शनें भरत. दहा कणसें मांडावयाचीं. तीं एकसारखीं, लांब, गोल, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत दाण्यांनीं भरलेलीं, ओळी सुतांत धरल्यासारख्या सरळ असलीं म्हणजे बक्षीस. रूपाचे गुण मांडण्याचे तक्ते छापलेले असत. सुंदर कणीस तेंच उत्तम बीं, असें या तक्त्यांत गृहीत होतें, आणि होल्डनही तसेंच शिकवीत.

१९०४ च्या हिवाळ्यांत एका पंधरा वर्षांच्या मुलानें या गृहीतावर शंका घेतली. त्याचें नांव हेन्री वॉलेस. त्याचा आजा आयोवांतील प्रख्यात शेतकी पत्राचा संपादक व होल्डन यांचा पुरस्कर्ता. बाप एम्सला दुग्धशास्त्र शिकविलेला. हा मुलगा अगदीं लहान असतांना कार्व्हर त्याला रानांत बरोबर नेऊन झाडांचीं फुलें उलगडून दाखवीत असत. दिसण्याचा आणि पिकण्याचा संबंध काय, असें त्यानें विचारलें. होल्डन यांनीं त्याला प्रदर्शनांतलीं कणसें दिलीं, व पेरून पाहा म्हणून सांगितलें. मुलानें दर कणसाचें बीं वेगळ्या ओळींत लावलें, शरद ऋतूंत दर ओळीचें पीक तोललें. आणि परीक्षकांनीं ज्यास पहिलें मानलें होतें तें कणीस उत्पन्नांत अगदीं खालच्यांत निघालें. कुरूप म्हणून मागें टाकलेलीं कांहीं कणसें पुढें गेलीं.

होल्डन यांच्या कीर्तीस यानें बाध आला काय? तत्काळ मुळींच आला नाहीं. प्रदर्शनें पुढेंही पुष्कळ वर्षें भरत राहिलीं. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनें नोंदली पाहिजे. हजारों लोक ज्याचें ऐकतात अशा माणसानें एका शाळकरी पोरास आपल्या मताची परीक्षा करण्याचें साहित्य स्वतःच्या हातानें द्यावें, हें त्याच्या व्याख्यानांहून थोर होतें. १९१२ सालीं होल्डन महाविद्यालय सोडून संस्थानच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीस उभे राहिले, आणि पक्षांतर्गत निवडणुकींतच पडले. शेतकऱ्यांनीं आपल्या गुरूस बियाण्याच्या बाबतींत मानलें, राज्यकारभाराच्या बाबतींत मानलें नाहीं. त्या माणसांचा हा हिशेब चोखच म्हणावयाचा. होल्डन पुढें शेतीचीं यंत्रें करणाऱ्या एका कंपनीच्या प्रचारखात्यांत गेले.

सीमन नॅप १९११ सालीं वारले. त्यांच्या पद्धतीस सबंध देशाचा कायदा मिळाला तो ८ मे १९१४ रोजीं. स्मिथ आणि लीव्हर या दोन दक्षिणी प्रतिनिधींच्या नांवानें तो ओळखला जातो. जे महाविद्यालयांत शिकत नाहींत व राहतही नाहींत, अशा लोकांस शेतकी व गृहव्यवस्था शिकविण्यासाठीं हा पैसा आहे, असें त्यांत स्पष्ट म्हटलेलें आहे. प्रत्येक संस्थानास मूळचे १०,००० डॉलर, आणि त्याउपर ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणांत रक्कम. ती वरची रक्कम हवी असेल तर संस्थानानें तितकीच आपली घालावी. विस्तार हें कृषि महाविद्यालयाचें तिसरें कर्तव्य कायमचें झालें तें येथें. मात्र याच कायद्यांत एक काळी रेघ आहे. १८९० च्या कायद्यानें दक्षिणेंत कृष्णवर्णीयांचीं वेगळीं महाविद्यालयें निघालीं होतीं. नवा पैसा दोहोंपैकीं कोणत्या महाविद्यालयानें खर्चावा हें ठरविण्याचा अधिकार संस्थानांच्या विधिमंडळांकडे ठेवला गेला, आणि दक्षिणेंतील विधिमंडळांनीं तो गोऱ्यांच्या महाविद्यालयांच्या हातीं दिला. जेसपच्या गाडीनें ज्यांना वाट दाखविली, त्यांच्या वांट्यास त्या वाटेवरचा खर्च अगदीं अपुरा आला. कायदा करणाऱ्यांस हें समजत नव्हतें असें नाहीं. त्यांना तेंच हवें होतें.

आयोवांत तोवर तो शंकेखोर मुलगा मोठा झाला होता. १९१० सालीं तो एम्सचा पदवीधर झाला. १९२० सालीं त्याच्या आग्रहानें महाविद्यालयाच्या सहकार्यानें आयोवांत मक्याच्या उत्पन्नाच्या चढाओढी सुरू झाल्या. आतां बक्षीस रूपाला नव्हे, वजनाला. १९२४ सालीं त्यांत सुवर्णपदक मिळविलें तें वॉलेसच्याच एका संकरित मक्यानें. पुढें १९२६ सालीं त्यानें संकरित बियाण्याची कंपनी काढली, १९३३ सालीं तो देशाचा शेतकी मंत्री झाला, व १९४१ ते १९४५ उपाध्यक्ष होता.

संकरित मका शेतकऱ्यानें स्वीकारला कसा, हें एम्सच्याच दोन समाजशास्त्रज्ञांनीं, ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनीं, घरोघर जाऊन विचारलें. १९४३ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास जगभर गाजला. आयोवांतील दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांपैकीं दोन वगळून सर्वांनीं १९४१ पर्यंत नवें बीं घेतलें होतें. पण कसें? प्रथम बातमी कळली ती बहुधा बियाणें विकणाऱ्याकडून. मन वळलें तें शेजाऱ्याचें शेत पाहून. तेवढ्यानेंही भागलें नाहीं. पहिल्या वर्षीं थोड्याशा जमिनींत लावून पाहिल्यावांचून सगळें शेत कोणी त्यास दिलें नाहीं. महाविद्यालयाच्या विस्तारखात्याचें नांव घेणारे थोडेच होते. स्वतःच्या संस्थेस फारसें श्रेय न देणारा हा निष्कर्ष त्या संस्थेच्याच अध्यापकांनीं छापला, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां या गुरूंच्या दगडविटांतल्या स्मारकांविषयीं. वॉशिंग्टन शहरीं शेतकी खात्याच्या दोन इमारती मोठ्या रस्त्याच्या दोहों बाजूंस आहेत, व रस्त्यावरून कमानी टाकून त्या जोडलेल्या आहेत. एका कमानीस सीमन नॅप यांचें नांव आहे. दुसरीस जेम्स विल्सन यांचें. हेही कार्व्हर यांच्या वेळीं एम्सला शेतकी शिकवीत, व पुढें १८९७ पासून १९१३ पर्यंत सोळा वर्षें देशाचे शेतकी मंत्री होते. एम्स येथें नॅप यांच्या नांवाचें विद्यार्थ्यांचें एक उंच वसतिगृह होतें. तें २००५ सालीं सुरुंग लावून पाडण्यांत आलें. कार्व्हर यांच्या नांवाची इमारत तेथें उभी आहे. परंतु ज्याला आरंभीं पंगतीस बसूं दिलें नव्हतें त्या आपल्या विद्यार्थ्यास सन्मान्य डॉक्टर ही पदवी त्या विद्यापीठानें दिली ती १९९४ सालीं. कार्व्हर यांना जाऊन तेव्हां एक्कावन वर्षें झालीं होतीं. होल्डन दीर्घायुषी निघाले. ते १९५९ सालीं वारले, आणि एम्सच्या महाविद्यालयास विद्यापीठ हें नांव मिळालें तेंही त्याच वर्षीं.